बालाजी, तू तो हिरवा प्रकाश पाहिला नाहीस

बालाजी,

तुझ्या शोकसभेची प्रेसनोट दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी मोबाइलवर आली. शोकसभा पाचला होती. मी नांदेडहून लातूरला जाणाऱ्या बसमध्ये होतो, अहमदपूर नुकतंच मागे पडलं होतं. नोटमध्ये लिहिलं होतं, ‘आठवणी सांगताना उपस्थितांना अश्रू अनावर झाले.’ उपस्थित तेव्हा आपापल्या घरी जेवत असतील. तू असतास तर ही नोट तूच लिहिली असतीस, आणि दुपारची वाट न पाहता सकाळीच पाठवून मोकळा झाला असतास.

सभेत सहा जण बोलले. सहापैकी चौघांनी सांगितलं की जगाच्या उत्तर टोकाला जाऊन नॉर्दर्न लाइट्स, रात्रीच्या आकाशात उमटणारा तो हिरवा प्रकाश, डोळ्यांनी पाहणारा तू मराठवाड्यातला पहिला पत्रकार. एकाने त्याला ‘नॉर्वेतली ती प्रसिद्ध दिव्यांची रोषणाई’ म्हटलं. कोणी हसलं नाही. अश्रू अनावर झालेला माणूस मला दिसला नाही. मागच्या रांगेत एकाला झोप अनावर झाली होती.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा बसला नव्हता. त्या प्रवासात तेरा दिवस एकाच गाडीत तुझ्या शेजारी मी बसलो होतो. तू तो हिरवा प्रकाश पाहिला नाहीस. आपण तिथे मे महिन्यात होतो आणि मे महिन्यात तिथे अंधारच पडत नाही. एवढं वाक्य माइकवर बोलायला घशापेक्षा जास्त काहीतरी लागतं. ते माझ्याकडे नव्हतं.

आज नववा दिवस. तुझ्या त्या प्रवासमालिकेचं पुस्तक तेराव्याला प्रकाशित होणार आहे. अकरा भाग, वर माझी दोन पानांची प्रस्तावना. प्रूफं माझ्यासमोर आहेत आणि उद्या सकाळी ती लातूरच्या छापखान्यात पोचली पाहिजेत. दुसऱ्या भागाचं शीर्षक ‘आकाशात हिरवी नदी’. त्या पानावर मी दोन दिवस अडकलो होतो.

राख सावडायच्या दिवशी औशाला तुझ्या घरी अश्विनीने मला बाजूला घेतलं. तुझी मुलगी कोणाला बाजूला घेते तेव्हा समोरच्याची उलटतपासणी होते, हे तुला माहीत आहे. रेणापूरला सातवी-आठवीला विज्ञान शिकवून तिची नजर तशी झाली आहे.

“काका, तुम्ही सोबत व्हता. पप्पांनी ते नॉर्दर्न लाइट्स पाहिले ना?”

मी म्हणालो, “प्रूफ पाठव.”

तिने माझ्याकडे पाहिलं, चहाचा कप हातात दिला आणि आत गेली.

आता तुझ्या सवयीबद्दल. पुस्तक वाचणाऱ्यांना ती माहीत नाही आणि शोकसभेत ज्यांना माहीत होती त्यांना सांगायची नव्हती.

तू लातूरहून बातम्या पाठवायचास आणि मी नांदेडला डेस्कवर त्या कापायचो. सुरुवातीची वर्षं बातम्या पाकिटातून यायच्या. चारच्या बसच्या कंडक्टरच्या हातात तू पाकीट द्यायचास, आमचा शिपाई नांदेडच्या स्टँडवर ते घ्यायचा. कार्यक्रम संध्याकाळी असायचे आणि पाकीट चारला निघायचं. म्हणून तुम्ही तालुक्यातले आणि जिल्ह्यातले सगळे वार्ताहर कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाच्या आधी लिहायचात. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि ‘होणार आहे’च्या जागी ‘उत्साहात संपन्न झाला’ असं करायचं. पुढे फॅक्स आला, ईमेल आला, मोबाइल आला. पाकीट बंद झालं, तुझी सवय बंद झाली नाही.

रेणापूर तालुक्यातल्या एका गावच्या पाण्याच्या टाकीचं लोकार्पण तू टाळ्यांच्या कडकडाटात पार पाडलंस. पाहुणे आलेच नव्हते. गाव मंडपात बसून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आठ-दहा माणसं पेपर घेऊन तुझ्या कार्यालयात आली आणि म्हणाली, “टाळ्या राहू द्या, पाणी कुठंय ते दाखवा.” दिलगिरी मला छापावी लागली. तुला फोन केला तर तुझा आवाज एकदम प्रसन्न.

“दोन दिसानं होणारच हाय की ते. बातमी खोटी न्हाई, कात्रीसाहेब. आगाऊ हाय.”

या वाक्याचा मी तेव्हा तिरस्कार केला आणि आजही करतो. तू गेलास म्हणून ते वाक्य सुधारत नाही. बातमीदाराचं काम एकच असतं, तिथे असणं. तू तिथे नसताना तिथला असायचास आणि जिल्हाभर तुझं कौतुक व्हायचं. कारण तुझ्या बातमीत कार्यक्रम कधी फसत नसे. माझ्या वाट्याला कात्री हे नाव आलं.

तरीही मी तुझ्यासोबत गेलो. का गेलो, याचं उत्तर मी तीन वर्षं स्वतःला देत होतो की स्वस्त होतं म्हणून.

तुझा भाचा सचिन नॉर्वेत, ट्रोम्सो शहरात, माशांवर संशोधन करतो. त्याच्याकडे एक जुनी लांबट गाडी होती, मागचं सीट पाडलं की दोन माणसं झोपतील अशी. ती तो आपल्याला फुकट देणार होता. तिकीट स्वस्त मिळालं ते मे महिन्याचं. ‘दोन म्हातारे, एक जुनी गाडी, तेरा दिवस’ अशी जाहिरात तू निघायच्या आधीच औशाच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर केली होतीस. वहिनींनी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बेसन आणि मिरचीपूड असं सामान दिलं होतं. ते पाहून विमानतळावरचा माणूस आपल्याला व्यापारी समजला.

त्या देशात पहिल्याच दिवशी तुझी फजिती झाली. तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि वायपरचा दांडा उजव्या हाताला. तू प्रत्येक वळणावर इंडिकेटर द्यायला गेलास आणि वायपर लावलास. कोरड्या काचेवर खर्र खर्र करत आपण वळत होतो. समोरून येणारे लोक आकाशाकडे पाहायचे. मी म्हणायचो, “इंडिकेटर.” तू म्हणायचास, “काच साफ करून राहिलो.” तेरा दिवस हेच. त्यातला एक दिवस सोडून. त्या दिवसावर येतोच.

स्वस्त प्रवासाचं तुझं शास्त्र मला लाज आणणारं होतं. तिथे रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत मिळतात, हे सचिनने सांगितलं आणि तू कामाला लागलास. रस्त्याकडेला जिथे गाड्या थांबतात तिथे उतरून तू बाटल्या गोळा करायचास. मराठवाड्याचा ज्येष्ठ पत्रकार, अंगात भाच्याचं लाल जाकीट, हातात पिशवी. मी गाडीतच बसायचो आणि नकाशात डोकं घालायचो. मुक्काम कॅम्पिंगच्या जागी, लाकडी एका खोलीत. सामायिक स्वयंपाकघरात तू पिठलं लावायचास. एका ठिकाणी तिथला राखणदार, साठीचा निवृत्त मच्छीमार, आपली भाकरी पाहून उठून गेला. मला वाटलं तक्रार करायला गेला. तो परत आला तो स्वतःची भाकरी घेऊन. पातळ, कडक, हातात घेतली की मोडणारी. तू ती तोडून चटणीला लावलीस आणि त्याच्या तोंडापुढे धरलीस. त्याने खाल्ली आणि दोन मिनिटं खिडकी उघडून उभा राहिला.

हे तू कुठेच लिहिलं नाहीस. पुस्तकात त्या मुक्कामाच्या जागी ‘तेथील आदरातिथ्य अविस्मरणीय होते’ एवढं वाक्य आहे. मी प्रूफात शोधलं.

हिरव्या नदीचा तो दुसरा भाग पेपरात छापून आला त्या रविवारी आपण लोफोटेन बेटांवर होतो, समुद्राच्या कडेला एका खोलीत. डोंगरांवर बर्फ होतं, खाली रस्त्याकडेला पिवळी बुटकी फुलं आली होती, झाडांना अजून पान नव्हतं. तुझा फोन वाजला. औशात सकाळचे सहा, आपल्याकडे रात्रीचे अडीच. खिडकीला पातळ पडदा होता, तरी खोली उजेडाने भरली होती. तू व्हिडिओ कॉल उचललास. अश्विनीच्या हातात पेपर होता. तिने शीर्षक वाचलं, मग पहिला परिच्छेद. त्यात तू मध्यरात्री बर्फावर उभा होतास आणि डोक्यावर हिरवी नदी वाहत होती. तू मान डोलावत होतास. मी अंथरुणात उठून बसलो.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “हे कधी लिहिलंस?”

“पाडव्याला.”

“कुठं?”

“घरी. पंख्याखाली. अकराच्या अकरा भाग देऊन आलोय पुरवणीला. सचिननं फोटो पाठवले व्हते ना, त्यावरनं.”

“ते फोटो डिसेंबरचे आहेत, बालाजी. बाहेर बघ. रात्रीचे अडीच वाजलेत आणि उजेड आहे.”

“मग? लातुरात कुणाला ठावं?”

मी तुला खोटारडा म्हणालो. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तोंडावर म्हणालो. आणखीही बोललो. ती टाकी, ती दिलगिरी, तुझी सगळी आगाऊ लोकार्पणं मी त्या खोलीत बाहेर काढली. तू ऐकून घेतलंस. तू भांडणात कधीच घाई करत नव्हतास.

“झालं?” तू म्हणालास. “आता माझं ऐक. आधी लिवून टाकलं की माणूस बघायला मोकळा राहतो. मला आता काय लिहायचं न्हाई. मी नुसता बघून राहिलो. तू सकाळपासनं वहीत डोकं घालतोस. किती किलोमीटर, किती डिग्री, पेट्रोल किती. तू काय बघून राहिलास, सांग.”

मी पांघरूण तोंडावर घेतलं. उत्तर द्यावं अशी तुझी लायकी नाही, असं मला वाटलं.

दोन दिवस आपण बोललो नाही. लहान गाडीत दोन दिवस न बोलणं हे काम आहे. वायपर खर्र करायचा, मी ‘इंडिकेटर’ म्हणायचो नाही. तिसऱ्या दिवशी एका गावात रस्ता बंद होता. तो त्यांचा राष्ट्रीय दिवस, सतरा मे. शाळेची पोरं हातात झेंडे घेऊन चालली होती, पुढे बँड, मागे आयाबाया घोळदार पारंपरिक कपड्यांत. तू गाडी लावून उतरलास आणि गर्दीत कोणाला तरी शोधू लागलास. दहा मिनिटांनी परत आलास तेव्हा चेहरा हैराण.

“मंच न्हाई. हार न्हाई. प्रमुख पाहुणे कोण, ते कुणालाच म्हाईत न्हाई. एक शाळेतली पोरगी बोलली, चार मिन्टं, अन् संपलं. यांच्या वार्ताहरानं लिवायचं काय, कात्री?”

मी हसलो. मला हसायचं नव्हतं. अशा तऱ्हेने आपलं भांडण मिटलं, म्हणजे अर्धवट राहिलं. तू चूक कबूल केली नाहीस आणि मी शब्द परत घेतला नाही. ते भांडण अजून तिथेच आहे, त्या बंद रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी तू गाडी थांबवलीस. मी सांगितलं नव्हतं, नकाशात तिथे काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला उतरत्या छपरासारखे लाकडी मांडव होते. त्यांच्यावर शेपटीला दोरी बांधून जोडीजोडीने मासे वाळत टाकलेले, हजारो. तिथली हवा कशी होती ते सांगायची गरज नाही. एक म्हातारी बाई शिडीवर उभी राहून मासे खाली काढत होती. तू गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस. लातूरच्या बाजारात मासळीची गल्ली आली की तू पलीकडच्या रस्त्याने जायचास. तू उतरलास, मांडवाखाली गेलास आणि तिथे उभा राहिलास.

मी गाडीत होतो. वही माझ्याजवळ आहे, त्यातली नोंद अशी: ‘थांबा ४० मि. तापमान ६. कारण: नाही.’

मधे एकदा मान वर केली तेव्हा ती बाई शिडीवरून मासे देत होती आणि तू ते दोन्ही हातांनी घेऊन पेटीत रचत होतास. मी पुन्हा वहीत पाहिलं. पेट्रोलचा हिशेब राहिला होता.

तू परत आलास. समुद्राच्या पाण्याने हात धुतले होतेस तरी गाडी भरून वास आला. बराच वेळ तू किल्ली लावली नाहीस.

“काय बोलत होतात?” मी विचारलं.

“काय न्हाई. तिला मराठी येत न्हाई.”

“मग चाळीस मिनिटं?”

“लिवून घे. चाळीस मिन्टं.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकदाही वायपर लागला नाही. रस्ता जिथे संपतो त्या गावाचं नाव एका अक्षराचं आहे. पाटी पाहून तू म्हणालास, “आमचं औसा दोन अक्षरांचं. यांनी त्यातबी काटकसर केली.” बस्स. त्या चाळीस मिनिटांबद्दल तू पुन्हा बोलला नाहीस, आणि मी विचारलं नाही. विचारणं माझा धंदा होता.

परत आल्यावर तू त्या हिरव्या प्रकाशावर व्याख्यानं द्यायला लागलास. फोटो सचिनचे. लातूर, उदगीर, निलंगा. पहिल्या वेळी तुला थोडा संकोच वाटला असेल, असं मी धरून चालतो. चौथ्या वेळेपर्यंत तू त्या प्रकाशाला आवाजही दिला होतास. सुपात धान्य पाखडल्यासारखा, असं म्हणायचास. हे ऐकताना मला तुझी किळस येत असे. तुझ्या हुशारीची, आणि त्यापेक्षा जास्त समोर बसलेल्यांची, ज्यांना महिना विचारावासा वाटत नव्हता.

मग औशाच्या शाळेतला तो दिवस. तू मला पहिल्या रांगेत बसवलंस. व्याख्यान संपलं, प्रश्न सुरू झाले, आणि एका मुलीने विचारलं, “सर, तो प्रकाश गरम असतो की थंड?”

सचिनच्या फोटोत याचं उत्तर नव्हतं. तू माझ्याकडे हात केलास.

“ह्यांना विचार. हे व्हते सोबत. हे कधी खोटं लिवत न्हाईत.”

दोनशे मुलं माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, “थंड.”

एक शब्द. अडतीस वर्षं मी लोकांचे शब्द कापले आणि हा एक मी स्वतः घातला. घरी जाताना तू मोटारसायकलवर गाणं गुणगुणत होतास. मी मागे बसलो होतो. तुझ्याबद्दलचा माझा तिरस्कार त्या दिवसापासून स्वच्छ राहिला नाही, त्यात माझाही वाटा आला. हे तू मुद्दाम केलंस का, हे मला विचारायचं होतं. विचारलं असतं तर तू ‘काच साफ करून राहिलो’ असलं काहीतरी म्हणाला असतास.

काल संध्याकाळी मी अश्विनीला फोन केला. प्रूफं पाहिली, दुसऱ्या भागाबद्दल बोलायचं आहे, असं म्हणालो.

“बोला की.”

“तुझ्या वडिलांनी ते पाहिलं नव्हतं. आम्ही होतो तेव्हा अंधार पडत नव्हता.”

मागे कुकरची शिट्टी झाली.

“मला म्हाईत हाय, काका. त्या दिवशी सकाळी सहाला मी फोन केला, तेव्हा तुमच्या खिडकीत ऊन व्हतं. तुम्ही मागं उठून बसला व्हता, तुमच्या टकलावर पडलं व्हतं. विज्ञान शिकवते मी.”

“मग मला का विचारलंस?”

“तुम्ही काय सांगता ते बघायचं व्हतं. औशाच्या शाळेत ‘थंड’ म्हणाला व्हता ना तुम्ही. प्रश्न विचारणारी माझ्या नणंदेची पोरगी व्हती. तिनं ते वहीत लिवून ठेवलंय.”

मी विचारलं, “तो भाग काढू का?”

“काढू नका. पप्पांनी लिवलेलं हाय. पण मी वर्गात शिकवते की तिकडं मे महिन्यात रात्र होत न्हाई. उद्या एखादी पोरगी हे पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी राहील, तेव्हा मी काय करू? तुम्ही काय ते खरं लिवून द्या. अन् ‘थंड’ कोण म्हणालं, तेबी लिवा.”

तर ते लिहिलं. आज सकाळी दुसऱ्या भागाच्या वर, शीर्षकाखाली, मी या ओळी टाकल्या: ‘हा भाग लेखकाने प्रवासाला निघण्यापूर्वी औसा येथे लिहिला. प्रवासाच्या काळात तेथे रात्री अंधार पडत नव्हता. असा प्रकाश त्या प्रवासात लेखकाने किंवा सहप्रवाशाने पाहिला नाही. तो थंड असल्याचे सहप्रवाशाने औसा येथील शाळेत सांगितले होते, ते खोटे आहे.’ खाली माझं नाव. तुझ्या मजकुरातला एक शब्दही मी कापलेला नाही. कात्रीने हात न लावलेला तुझा हा पहिला मजकूर.

राहिली प्रस्तावनेची दोन पानं. तिथे ती चाळीस मिनिटं घालावीत असं मला वाटलं. वही उघडली. तापमान आहे, किलोमीटर आहेत. ती बाई कशी होती, ती तुझ्याशी काय बोलली, मासा हातात घेताना तुझा चेहरा कसा झाला, यातलं काहीही नाही. मी तिथे होतो, काचेच्या आत, आणि मला काही माहीत नाही. तिथे असणं हेच बातमीदाराचं काम, असं मी वर लिहिलं आहे. ते वाक्य मी खोडत नाही, पण ते मला आता पूर्वीइतकं सोपं वाटत नाही. प्रस्तावनेत भाकरी आणि बाटल्या घातल्या आहेत.

एक गोष्ट राहिली, ती अश्विनीलाही माहीत नाही.

तू लातूरच्या दवाखान्यात होतास आणि डॉक्टरांनी बोलण्यात सावधपणा आणला होता. नांदेडहून डेस्कचा फोन आला: बातमी तयार ठेवा, तुम्हीच लिहा, तुम्हाला सगळं माहीत आहे. मी रात्री जेवण्याआधी बसलो आणि लिहिली. निधन झाले, अंत्यसंस्कार शोकाकुल वातावरणात झाले, मोठा जनसमुदाय उपस्थित होता. फक्त दिवस आणि वेळ यांची जागा कोरी ठेवली. कागद पिशवीत टाकला आणि सकाळची बस पकडून तुझ्याकडे आलो. वही आणली नव्हती. लिहायचं काही राहिलं नव्हतं.

वहिनी चहा आणायला खाली गेल्या होत्या. तू नळीच्या आडून माझ्याकडे पाहिलंस.

“लिवलीस का?”

मी नाही म्हणू शकलो असतो. “लिहिली.”

“किती?”

“एक कॉलम. बारा ओळी.”

“अरे, माणूस अजून हाय की हितं.”

“वेळेची जागा कोरी ठेवलीय.”

तू हसायला लागलास आणि यंत्र वाजायला लागलं. नर्स आत आली, मला रागावली, गेली. तुझं हसणं थांबायला वेळ लागला.

“बघ,” तू म्हणालास. “आगाऊच लिवलीस की तूबी.” मग थोड्या वेळाने, “दोन कॉलम कर की.”

“जागा नाही.”

“जागा करायची असती, कात्री.”

तो आपला शेवटचा वाद. त्यानंतर तू दोन दिवस होतास, आणि मी ते दोन्ही दिवस तुझ्या पलंगाशेजारी स्टुलावर होतो. माझ्या हातात काही नव्हतं, म्हणून मी तुझ्याकडे बघत बसलो. अडतीस वर्षांत तुझ्याकडे इतका वेळ मी कधी पाहिलं नव्हतं.

काय पाहिलं ते मला नीट आठवतं. प्रस्तावनेत ते नाही, या मजकुरातही नाही. तू त्या चाळीस मिनिटांचं लिहिलं नाहीस. मी या दोन दिवसांचं लिहिणार नाही.

बातमी एका कॉलमात गेली. तुझ्या मजकुराची प्रूफं पाकिटात घालून मी आता नांदेडच्या स्टँडवर चाललो आहे. चारच्या लातूर बसच्या कंडक्टरच्या हातात देईन.